कांदे, बटाटे आणि पडदा

इनॉक हेसलडेन हा म्हातारा नट एक दिवस आपल्याला वेडं करणार, याबद्दल हर्बर्ट क्लेगला आता शंका उरली नव्हती.

सोमवारची सकाळ होती. दुपारच्या पहिल्या खेळाला अमेरिकेतल्या डुलुथच्या थिएटरचा मॅनेजर ब्रॉडी स्वतः मागच्या रांगेत बसणार होता. त्याला या इंग्रज नाटक मंडळीचं प्रहसन आवडलं, तर पुढचे वीस आठवडे गावोगावचं काम पक्कं. नाही आवडलं, तर मंडळी बोटीने परत इंग्लंडला, आणि हर्बर्ट परत ओल्डहॅमच्या सूतगिरणीत. अकरा वर्षं तिथला कापूस त्याने छातीत भरून घेतला होता. मेलो तरी तिथे जाणार नाही, असं तो रोज स्वतःला बजावत होता.

प्रहसन सोपं होतं. चार कारागीर खोलीच्या भिंतींना रंगीत कागद चिकटवतात, गोंधळात दारावरही चिकटवतात, आणि शेवटी इनॉक विचारतो, "आता बाहेर कसं जायचं?" हशा, पडदा.

तालमीत मात्र ते वाक्य इनॉक उच्चारत नसे. शेवटचं वाक्य तालमीत बोललं की खेळ आपटतो, अशी त्याची चाळीस वर्षांची श्रद्धा.

"काका, आज तरी बोला हो!" हर्बर्टने विनवलं. "हा पडदेवाला नवा आहे, शेवटचं वाक्य ऐकूनच पडदा पाडणार."

"कांदे, बटाटे," इनॉक शांतपणे म्हणाला, नेहमीसारखं वाटेल ते.

तिकडे इंग्लंडात, लँकाशरमधले पडदेवाले असल्या वेळी गालात हसत आणि मागाहून खरं वाक्य विचारून जात. इथला लिंडक्विस्ट हसला नाही. त्याने खिशातून पेन्सिल काढून काहीतरी टिपून घेतलं. हर्बर्टने त्याकडे लक्ष दिलं नाही.

दुपारी इनॉक म्हणाला, "आता बाहेर कसं जायचं?" लोक हसले. पडदा हलला नाही. हसू ओसरलं. इनॉकने पुन्हा विचारलं. मागच्या रांगेत ब्रॉडीने घड्याळ काढलं.

"पडदा!" हर्बर्ट दातांतल्या दातांत पुटपुटला.

"अजून कांदे-बटाटे कुठे झालेत?" विंगेतून लिंडक्विस्टचा खणखणीत आवाज आला. सगळ्या थिएटरला तो ऐकू गेला.

हर्बर्टचं डोकंच फिरलं. त्याने खळीची बादली आपटली आणि इनॉककडे बोट रोखून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "कांदे! बटाटे! झालं समाधान?"

पडदा धाडकन पडला. पलीकडे लोक खुर्च्या बडवत होते.

ब्रॉडी आत आला तो डोळे पुसतच. "हेच ठेवा. अगदी असंच. वीस आठवडे!"

हर्बर्ट मटकन बादलीवरच बसला. गिरणी टळली होती. आणि त्याचं श्रेय या म्हाताऱ्याला द्यावं लागणार होतं!

पुढच्या सोमवारी पुढच्या गावी, सेंट पॉलला, तालीम लागली. हर्बर्टने बादली आपटली, बोट रोखलं आणि तोंड उघडलं.

"पोरा," इनॉक म्हणाला, "शेवटचं वाक्य आता तुझं आहे. बोल हवं तर. माझं काय जातंय?"

मूर्खपणा आहे सगळा, हर्बर्टला पक्कं ठाऊक होतं. पण जीभ रेटेना. छातीत कापूस दाटून आल्यासारखं झालं.

"गाजरं," तो कसाबसा म्हणाला.

कोपऱ्यातल्या, तिथल्या नव्या पडदेवाल्याने पेन्सिल काढली.

"लिहू नकोस!" हर्बर्ट किंचाळला.