काकाचे पांढरे बूट

आमच्या बँडमध्ये मला घड्याळ म्हणतात. घरी कोणी या नावाने हाक मारली की बायको आधी हसते आणि मग भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाकडे बघते. स्वतःच्या लग्नाला मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो होतो. तिचा भाऊ, म्हणजे आमचा गिटारवाला, माझ्याच गाडीत होता, म्हणून तिच्या माहेरच्यांनी मला आत तरी घेतलं. पण ड्रमवर बसलो की गोष्ट वेगळी. छत्तीस वर्षांत आमचं एकही गाणं धावलं नाही की रेंगाळलं नाही. एका वर्तमानपत्राने एकदा छापलं होतं की बाकीचे तिघे म्हातारे झाले, ड्रमरचा ठोका मात्र अजून तिशीतला आहे. ते कात्रण मी पाकिटात ठेवतो. कोणी विचारलं तर दाखवतो, आणि नाही विचारलं तरी दाखवतो.

आम्ही चौघं. गाणाऱ्याला आम्ही महाराज म्हणतो, कारण सामान उचलायची वेळ आली की त्याला नेमका फोन येतो. मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानामागच्या गोदामात, फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांमध्ये, दर रविवारी सकाळी आमची तालीम चालते. मी ड्रमवर. आणि बेस गिटार वाजवणारा काका. काका माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठा, पण बाविसाव्या वर्षी त्याला टक्कल पडलं आणि तो काका झाला तो झालाच. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. काकू म्हटलेलं त्यांना चालत नाही.

काकाचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा आणि शौक एकच, पांढरे बूट. कार्यक्रम रॉकचा असो नाहीतर कोणाच्या लग्नातला, अंगावर काहीही असो, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. यावरून आम्ही त्याला किती छळलं असेल त्याला हिशेब नाही. महाराज म्हणायचा, ‘काका, टेनिस संपलं का?’ काका नुसता हसायचा.

आता खरं सांगतो. मला ताल धरता येत नाही. अगदी सुरुवातीच्या एका कार्यक्रमात घाबरून माझे हातपाय गार पडले होते, चार अंक मोजता येईनात, तेवढ्यात समोर काकाची उजवी टाच वरखाली होताना दिसली. मी तिच्याबरोबर वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी ती टाच बघूनच वाजवत आलो. ड्रम कुठे मांडायचे यावर मी नेहमी हट्ट धरायचो, पाठीला वारा लागतो म्हणायचो. खरं म्हणजे टाच दिसली पाहिजे, एवढंच. हे कोणाला माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका रविवारी तालीम संपल्यावर काकाने बेस पेटीत ठेवला, दोन्ही कड्या लावल्या आणि पाणी मागावं तितक्या सहज म्हणाला, “पुढच्या महिन्यात हॉलवर कार्यक्रम आहे ना, त्याला दुसरं कोणी बघा. बोटं वाकत नाहीत आता. काल एका गिऱ्हाइकाची किल्ली उलटी कापली मी.”

महाराज रडायला लागला. मेहुण्याने त्याला चष्मे पुसायचं फडकं दिलं. माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार काकाच्या बोटांचा नव्हता. टाचेचा होता.

शोध सुरू झाला. पहिला उमेदवार आला तो इतका वाजवायचा की बाकीच्यांना जागाच उरेना. त्याला सगळ्यांनीच हात जोडले. दुसरा छान होता, पण त्याची पँट जमिनीवर लोळत होती, टाच कशी ती दिसेना. मी म्हणालो, आवाजात दम नाही. मेहुणा माझ्या बायकोला फोनवर सांगत होता, “ताई, याचा जीव काकात अडकलाय गं. कोणीच पसंत पडत नाही याला.” मी सुस्कारा सोडला. असा गैरसमज फुकट मिळत असेल तर का नाकारायचा?

तिसऱ्या आल्या त्या शहरातली बस चालवणाऱ्या बाई. सकाळची पाळी संपवून, गणवेशातच आल्या. पंचेचाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. बेस गळ्यात अडकवला, उभ्या राहिल्या आणि वाजवायला लागल्या. मेहुण्याने चष्मा काढून डोळे पुसले, इतकं सुंदर. पण बाई हलेनात! टाच नाही, गुडघा नाही, मान नाही. रस्त्याकडेचा दिव्याचा खांब यांच्यापेक्षा जास्त हलत असेल. मी म्हणालो, “रंगमंचावर थोडी हालचाल हवी.” महाराज म्हणाला, “ती मी करतो.” दोन विरुद्ध एक, बाई ठरल्या.

पुढच्या रविवारी आमचं सगळ्यात जुनं गाणं घेतलं. ते सुटलं ते सुटलंच. दुसऱ्या कडव्यात महाराजाला धाप लागली आणि तो भिंतीला टेकला.

“बाई, जरा दमानं,” तो म्हणाला. “बस सुटत नाहीये आपली.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मेहुण्याची तार तुटली. मग महाराजाने आम्हा दोघांना दुकानात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई गुणी आहेत, पण त्यांना ठेका धरवत नाही. घड्याळ तर चुकणार नाही. मग उरलं कोण? नको म्हणून सांगून टाकू या त्यांना.”

नाचता येत नव्हतं मला आणि वाकडं अंगण ठरल्या होत्या बाई. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी काय केलं? समोरच्या कपाटातल्या फ्रेमी बघितल्या आणि म्हणालो, “घाई नको. पुढच्या रविवारी ठरवू.” एवढंच. माझ्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दोन दिवसांनी काकाच्या दुकानात गेलो. काका कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसला होता. वहिनी किल्ल्या भिंतीवरच्या आकड्यांना लावत होत्या.

“बाई पळतात रे,” मी म्हणालो.

“बाई?” काकाने माझ्याकडे बघितलं. “बरं. आणि तू हल्ली बघतोस कुठे?”

चोराच्या मनात चांदणं. “कुठे म्हणजे?”

“टाच तर आता इथे पातेल्यापाशी आहे. मग तिकडे बघतोस कुठे, असं विचारतोय.”

मी पातेल्याकडे बघत राहिलो. बोलल्या त्या वहिनी. “छत्तीस वर्षं बूट धुतेय मी, भावजी. यांची हौस वाटली तुम्हाला? माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात काळ्या सुटावर पांढरे बूट घालून उभे राहिले. का, तर तिथे तुमचं वाजवणं होतं. काळे त्याला अंधारात दिसत नाहीत, म्हणाले. आई अजून बोलून दाखवते मला.”

“गप गं,” काका म्हणाला.

“का गप? डॉक्टर काय म्हणाले ते पण सांगा. छत्तीस वर्षं टाच आपटून आपटून गुडघा गेलाय तो.”

मी स्टुलावर बसलो. ज्या बुटांवरून आम्ही या माणसाची इतकी टिंगल केली, ते त्याने माझ्यासाठी घातले होते. लाजेने मान वर होईना, आणि त्याच वेळी काकावर इतकं प्रेम आलं की त्याचे ओले हात धरावेसे वाटले. धरले नाहीत. आम्ही तसे नाही.

“सांगितलं का नाहीस कधी?”

“सांगितलं असतं तर शरमेने बघायचं सोडलं असतंस. मग वाजवलं कोणी असतं?” त्याने हात पुसले. “बाईंचं काय करताय?”

“काढायचं म्हणतायत.”

“त्यांची चूक आहे?”

“नाही.”

काका एक कुलूप उचलून तेल घालत बसला. निघताना मी दारातून म्हणालो, “कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसशील ना? बूट घालून?”

“बघू,” काका म्हणाला.

रविवारी तालमीआधी, बाई समोर असतानाच, मी सगळं सांगून टाकलं. पाकिटातलं कात्रण काढून महाराजासमोर ठेवलं आणि म्हणालो, “हे काकाच्या टाचेबद्दल आहे. माझ्याबद्दल नाही.”

महाराजाने कात्रण उचलून पुन्हा वाचलं. मग मेहुणा म्हणाला, “आणि मला वाटायचं तू मान खाली घालतोस म्हणजे तल्लीन होतोस!” महाराज बाईंकडे वळला. माफी मागायची त्याला सवय नाही, त्यामुळे त्याने त्यांची बेसची पेटी उचलून उगीचच दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. आमच्या बँडच्या इतिहासात त्याने उचललेलं हे पहिलं सामान.

बाई म्हणाल्या, “कोणीतरी पळतंय हे कळत होतं मला. पण मी नवी, कोणाला काय बोलणार? म्हटलं, काढलं तर काढलं.”

“तुम्ही थोड्या हलाल का?” मी विचारलं. “टाच तेवढी.”

“नाही जमायचं. माझ्या गाडीत माणसं उभी असतात, मी हिसका दिला की पडतात. वीस वर्षांची सवय आहे. तुम्ही बघता कशाला पण? ऐका ना. डोळे मिटा.”

मिटले. दर दोन ओळींनी आपोआप उघडत होते. शेवटी मेहुण्याने दुकानातून डोळे तपासताना लावायच्या दोन झापडी आणल्या आणि माझ्या दोन्ही डोळ्यांना चिकटवल्या. त्या अंधारात पहिल्यांदा माझी काठी झांजेऐवजी खोक्यांवर पडली. मग हळूहळू माझ्या पायाच्या ड्रमखाली एक खोल, सावकाश आवाज कळायला लागला. कुठेही न हिसकणारा. त्याला धरून मी चाललो आणि गाणं शेवटपर्यंत गेलं. धाप कोणालाच लागली नाही.

झापडी काढल्या तेव्हा डोळे ओले होते. छत्तीस वर्षं मी काकाचा बूट बघत होतो. त्याचा बेस मी कधी ऐकलाच नव्हता.

कार्यक्रम दुपारचा होता. झापडी लावायला महाराजाने साफ मनाई केली, लोक म्हणतील ड्रमरला मोतीबिंदू झालाय. पडदा उघडला. पहिल्या रांगेत काका आणि वहिनी होते. मी आधी काकाच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघितलं.

काळे. नवेकोरे, पॉलिश केलेले, काळे बूट. दोन्ही पाय जमिनीवर शांत ठेवलेले. आणि काका छताकडे बघत होता, जणू छतच बघायला आला होता.

बाई मागे वळल्या, आणि ती त्यांची त्या दिवसातली पहिली आणि शेवटची हालचाल. “सुटायचं?” त्यांनी विचारलं. मी डोळे मिटले, काठ्या वर धरल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाने चार मोजले.

कसं झालं ते मला विचारू नका, मी बघितलं नाही. टाळ्या ऐकू येत होत्या. महाराजाला धाप लागली ती एकदाच, आणि ती त्याच्या वयाची होती. शेवटचं गाणं आमचं सगळ्यात जुनं. ते निम्म्यावर आलं तेव्हा मला राहवलं नाही. डोळे उघडले आणि सवयीने तिकडेच बघितलं.

काकाची उजवी टाच हलत होती. काळ्या बुटात नीट दिसतही नव्हती, पण हलत होती. दर ठोक्याला ती किंचित उशिरा पडत होती. ती काय करतेय हे कळायला मला एक आख्खं कडवं लागलं. माझा ठोका पडला की मग काकाची टाच पडत होती.