भर उन्हात टिकलेला बर्फ

मी बर्फ बोलतोय. तुम्ही सरबतात टाकता तो मी नाही, आणि मासे ताजे ठेवायला फोडता तो तर मुळीच नाही. मी आइस हॉकीचा बर्फ. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद, दोन इंच जाड. कॅनडातल्या रेजायना शहराच्या उघड्या फुटबॉल मैदानावर, तेहतीस हजार खुर्च्यांच्या मधोमध मी आडवा पसरलोय. वय फक्त बारा दिवस. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

आमच्या जातीतले बहुतेक जण छपराखाली जन्मतात. त्यांना ऊन माहीत नसतं, वारा माहीत नसतो. सात-आठ महिने आरामात पडून राहतात आणि उन्हाळ्यात गुपचूप नाल्यात जातात. माझ्या नशिबी छप्पर नव्हतं. आधी गवतावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर ॲल्युमिनियमचे पोकळ पत्रे अंथरले. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या लांबलचक ट्रकातून त्या पत्र्यांत शून्याखालीही न गोठणारं गारेगार द्रावण फिरू लागलं आणि मग एमिल देजार्ले हातात फवाऱ्याची नळी घेऊन उलटा चालू लागला.

उलटा का, तर आपल्याच ताज्या बर्फावर आपलाच पाय पडू नये म्हणून. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस खोऱ्यातल्या आपल्या गावी, छपराखालच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानात, चाळीस वर्षं असाच उलटा चालत आला होता. त्याच्या फवाऱ्यातून पाणी पडायचं नाही, नुसतं धुकं उतरायचं. कागदाएवढा एक थर झाला की थांबायचा, तो धरला की दुसरा. असे कितीतरी थर. मला तो 'बाळा' म्हणायचा. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

या सगळ्या कारभाराची मुख्य होती डार्ला हाव्रिलुक. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. उघड्या मैदानावर मोठ्या संघांचा सामना व्हावा म्हणून हे शहर अकरा वर्षं हॉकीच्या लीगच्या मागे लागलं होतं. अखेर लीगने एक शनिवार दिला, तोही अट घालून. सामन्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत बर्फ खेळण्याजोगा नसेल, तर खेळ रस्त्यापलीकडच्या बंदिस्त सभागृहात न्यायचा. तिथे आठ हजार माणसं मावतात. बाकीच्या पंचवीस हजारांनी घरी जायचं.

आणि मी? माझ्या अंगावर एकही पातं न फिरता माझा पंप बंद होणार. बर्फाला दुसरी कसलीच हौस नसते हो. चार दिवस जगू द्या, पण पायांत पाती बांधलेली माणसं अंगावरून धावू देत, एवढंच आम्ही मागतो. शुक्रवारी दोन्ही संघांचा सराव व्हायचा होता, पण वारा असा सुटला की माझ्या अंगावरची चंदेरी ताडपत्री काढणंच धोक्याचं झालं. सराव रद्द झाला. मी कोराच राहिलो.

आता मधली एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतो. मला पांढरा रंग फवारून झाला होता, रेषा आखायच्या बाकी होत्या. एमिलने इकडे-तिकडे पाहिलं आणि कोटाच्या आतून घोड्याची नाल काढली. त्याच्या वडिलांच्या घोडीची. गावच्या नदीवर मुलांना खेळता यावं म्हणून ती घोडी फळी ओढून बर्फ साफ करायची. ती नाल दर हंगामात एमिल रिंकच्या अगदी मधोमध गाडत आला होता. वर खेळ सुरू करायच्या जागेचा निळा ठिपका रंगवला की कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही. इथेही त्याने तेच केलं. मला ते लोखंड पहिल्याच दिवशी बोचलं. तोंड असतं तर तेव्हाच बोंब मारली असती.

शनिवार उजाडला तो निरभ्र. तापमान शून्याच्या वर सात. इथली माणसं उणे तीसला कुरकुरत नाहीत, थंडी गृहीत धरून प्रेक्षकांसाठी हीटर मागवून बसली होती. अधिक सात बघून मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. नऊ वाजता ताडपत्री ओढून काढली आणि सूर्याने मला पहिल्यांदा नीट पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. तो पांढऱ्यावरून घसरत होता, मला काही फरक पडत नव्हता. पण मधल्या निळ्या ठिपक्यावर ऊन मुरायला लागलं, खालचं लोखंड तापलं आणि दहा वाजेपर्यंत तिथे ताटाएवढा खड्डा पडून पाणी साचलं.

नेमका त्याच वेळी लीगचा तपासनीस आला. टोरांटोचा, ॲशवर्थ नावाचा, कडक इस्त्रीचा माणूस. मोजमापं घेत तो मधोमध आला आणि त्याची टाच खड्ड्यात गेली.

"हे काय आहे, बाई?"

"बर्फ आहे, साहेब," डार्ला म्हणाली.

"बर्फ मोज्यात शिरत नाही." त्याने पाय झटकला. "मी बरोबर बारा वाजता परत येतो. तेव्हा हे असंच दिसलं, तर खेळ पलीकडे. मला हुज्जत नको."

तो गेल्यावर डार्लाने बाही वर केली आणि खड्ड्यात हात घातला. हात बाहेर आला तो नाल घेऊनच.

"ही कुणाची?"

एमिलने डोक्यावरची निळी लोकरी टोपी काढून हातात घेतली. "माझी गं पोरी. नशिबासाठी."

"एमिलदादा! चाळीस वर्षं बर्फ बनवतोस ना तू?"

"छपराखाली बनवतो. तिथं ऊन कुठलं येतंय?"

"लोखंड, त्यावर गडद रंग, त्यावर सूर्य. अरे, मैदानाच्या मधोमध चूल पेटवलीस तू! तेहतीस हजार माणसं यायचीत, मी काय सांगू त्यांना? घोडीचं नशीब?" तिचा आवाज चिरकला. "जा, बाजूला जाऊन उभा राहा. आणि उद्यापासून येऊ नकोस."

म्हातारा कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. मला त्याचा राग आला होता, साफ सांगतो. माझ्या छातीत खड्डा पाडून हा 'बाळा' म्हणणार? पण त्याचं ते वाकलेलं पाठमोरं रूप बघवतही नव्हतं.

डार्लाने बर्फाला रंधा मारून सपाट करणाऱ्या गाडीतून बर्फाचा भुगा आणवला, खड्ड्यात दाबून भरला, वर पाणी शिंपडलं आणि आग विझवायच्या नळकांड्यांतला गार वायू फुसकन सोडला. धरलं. दोन मिनिटांत उन्हाने परत पाणी केलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. वर सावली हवी होती. ताडपत्री होती, पण ती डोक्यावर उचलून धरायला माणसं हवीत, आणि कामगार होते नऊ.

तेवढ्यात दोन्ही संघांचे खेळाडू साध्या बुटांत मैदान बघायला आले. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातून आलेल्या पाहुण्या संघाचा कप्तान मॅकइसॅक खड्डा बघून हसला.

"काय हो, आमची एवढी भीती वाटली? खड्डाच खणलात?"

"जेवढं तोंड चालवतोस तेवढे हात चालव," डार्ला म्हणाली. "ते टोक धर."

"मी?"

"नाही, तुझी आजी! धर म्हटलं ना. पावणेअकरा वाजलेत."

मॅकइसॅकने तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "आठ हजारांसमोर यांना हरवण्यात काय मजा?" असं आपल्या पोरांना म्हणाला आणि त्याने टोक उचललं. मग काय, चाळीस धिप्पाड माणसं, निम्मी आमची, निम्मी त्यांची, डोक्यावर हात करून ताडपत्री धरून उभी राहिली. दुपारी एकमेकांना कठड्यावर आपटायचं आहे, हे जणू विसरूनच गेली. वारा आला की ताडपत्री फडफडायची आणि शिव्यांचा पाऊस पडायचा, दोन्ही बाजूंनी सारखाच.

सावली झाली. पण डार्लाच्या हातचं पाणी जाड पडत होतं. घाईत पडलेला थर ठिसूळ होतो, वरून बरा दिसतो आणि पात्याखाली फुटतो. कठड्यापासून आवाज आला, "पोरी, तू त्याला बुडवतेयस. धुकं सोड, धुकं."

"तुला बाजूला राहायला सांगितलंय ना?"

"राहतो की. पण हे तुझ्याच्यानं होणार नाही, आणि तुलाही ते ठाऊक आहे."

डार्लाने नळी त्याच्याकडे केली.

एमिल गुडघ्यांवर बसला. चिमूटभर भुगा, धुक्याचा एक फवारा, थोडा वायू, आणि थांबायचं. पुन्हा तेच. वर चाळीस जणांचे हात थरथरत होते, पण त्याने घाई केली नाही. "धर रे बाळा," तो पुटपुटत होता, "चूक माझी आहे, तुझी नाही." मी धरलं. ट्रकाकडून येणारा सगळा गारवा छातीपाशी ओढून घेतला. मनात म्हटलं, वितळायचंच आहे, कुणी नाकारलंय? पण पाती लागल्याशिवाय नाही. सूर्याने ताडपत्रीवर हवं तितकं डोकं आपटावं.

पावणेबाराला खड्डा बुजला. आता निळा ठिपका नव्हता, आणि गडद रंग पुन्हा लावणं म्हणजे पुन्हा चूल पेटवणं. एमिलने आपली टोपी दातांनी उसवली, त्यातली निळी लोकर काढली आणि बोटाने गोल मांडून त्यावर एक फवारा मारला. बारीक, निळी, नीट गोल रेघ.

बाराच्या ठोक्याला ॲशवर्थ आला, कोरडे मोजे घालून. त्याने टाच आपटली. खेळायची रबरी चकती दहा वेळा वरून टाकली. काट्याचं तापमापक टोचलं.

"इथला ठिपका कुठाय?"

"हा काय," डार्ला म्हणाली.

"ही लोकर आहे."

"नियमात निळा रंग लिहिलाय, साहेब. कशाचा, ते लिहिलेलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चाळीस लाल चेहऱ्यांकडे पाहिलं, टोपीविना गारठलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"खेळा," तो म्हणाला आणि वही मिटून निघून गेला.

दोन वाजता तेहतीस हजार माणसं उभी राहिली आणि पहिलं पातं माझ्या अंगावरून गेलं. ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. दुखतं, चर्र होतं, पांढरी भुकटी उडते आणि वाटतं, आणखी! आणखी या! मॅकइसॅकने आमच्या एकाला कोपऱ्यात असं चेपलं की मीही हादरलो. मधोमध दहा वेळा चकती टाकली गेली. दहाही वेळा दोन-दोन दांडगट तिथे पाय रोवून झुंजले, पण ती जागा तसूभरही खचली नाही. आम्ही चार-तीन असे हरलो. लोकांनी हळहळ केली. माझं म्हणाल तर मला हार-जीत कळत नाही, मला वजन कळतं.

ते झालं काल. आज रविवार आहे. सकाळी आठला ट्रकाचा पंप बंद केला. मैदानाच्या व्यवस्थापकाला दुपारपर्यंत जागा मोकळी हवी आहे. फोडायच्या कुदळी कठड्याला टेकून ठेवल्यात आणि माझ्या अंगावर पाण्याचा पातळ थर आलाय. पण कुदळींना अजून कुणी हात लावलेला नाही. डार्ला आणि तिचे कामगार पायांत पाती बांधून उतरलेत.

मघाशी डार्लाने फोन लावला होता. "एमिलदादा, कुठायस? गोल अडवायला कुणी नाहीये."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला.

"ते मी काल म्हटलं होतं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. आज ये."

आता तो उभा आहे गोलात, उघड्या डोक्याने, गुडघे कुरकुरत. चकती आली की पाण्याचे फवारे उडतात आणि भिजलेली माणसं लहान पोरांसारखी ओरडतात. व्यवस्थापक जिन्यावरून घड्याळ दाखवतोय. "पाचच मिनिटं!" डार्ला ओरडली. हे तिचं चौथ्यांदा.

त्यांना बर्फ फोडायचाय, फोडू दे. मी दयेची भीक मागणार नाही, आणि कुणी डोळे पुसू नयेत. पण कठड्याबाहेर उभं राहून जे नुसते बघतायत, त्यांना एकच सांगणं आहे. माझा अजून सव्वा इंच शिल्लक आहे. पायांत पाती बांधा आणि आत या.