मावशीच्या वाट्याचं लेचोन

मानोंग तोमोय, म्हणजे तोमोयदादा, रेडिओवर खाकरला की सान तेलमो गावातल्या कोंबड्या अंडं अर्ध्यात रोखून धरत. आज कोणाची सालटी निघणार ते ऐकायला! बहुतेक सकाळी ती मेयरचीच निघत. प्रिमिटिवा शिलाईमशीन थांबवून शब्दाशब्दाला डोलत असे.

दोन वर्षांमागे तिच्या भाचीचं, रोवेनाचं लग्न ठरलं. आईविना पोर, प्रिमिटिवानंच वाढवलेली. लग्नाचा झगाही तिनंच शिवला. पण नवऱ्याकडच्यांनी लग्नाचा धर्मबाप, म्हणजे मानाचा साक्षीदार, म्हणून मेयरला बोलावलं, आणि लग्नाच्याच सकाळी मानोंग रेडिओवर गरजला, "त्या चोराच्या पंगतीला जो अख्ख्या भाजलेल्या डुकराचं लेचोन खाईल, तो गावाचं रक्त खाईल!"

प्रिमिटिवानं झगा पाठवला. स्वतः गेली नाही. तेव्हापासून रोवेना रस्त्यात दिसली तरी तोंड फिरवी.

आज शहरातल्या मॉलमध्ये, पुस्तकांच्या दुकानात, मानोंग आपल्या पुस्तकावर सह्या देत होता. रांगेचं शेपूट खाली मासळीबाजारात पोचलेलं. तिकडचे काहीजण पुस्तकाऐवजी बांगडे घेऊनच परतले म्हणे. दाराशी "खोटारडा!" ओरडणाऱ्या पोरांना छत्रीनं ढोसत प्रिमिटिवा आत शिरली.

"कुठून आलात, मानांग?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं मानोंगनं पेन उघडत विचारलं.

"सान तेलमो."

"अरे वा! तिथल्यासारखं लेचोन जन्मात खाल्लं नाही! मेयर धर्मबाप होता त्या लग्नात. कातडी अशी कुरकुरीत, की मी चावली तर पाद्रीबुवा गोळीबार समजून टेबलाखाली!"

"तुम्ही... होतात तिथं?"

"मेयरच्या शेजारीच! आम्ही कुंपारे ना, त्याच्या पोराचा मी धर्मबाप."

"आणि सकाळी रेडिओवर बोललात ते?"

"ते सकाळचं, मानांग!" तो खदखदून हसला. "बोलून बोलून भूक लागते. नवरी मात्र जेवली नाही बिचारी. सारखी दाराकडे बघत होती. कोणी मावशी यायची होती म्हणे. बरं, नाव काय घालू?"

प्रिमिटिवानं टेबलाची कड धरली.

"रोवेना. आणि लिहा, तुझ्या मावशीच्या वाट्याचं लेचोन मी खाल्लं."

रांग हसली. मानोंग तर डोळे पुसेपर्यंत हसला. "भारी आहात हां, मानांग!" म्हणत त्यानं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

परतीच्या जीपनी गाडीत ड्रायव्हरनं रेडिओ लावला. मानोंगचाच सकाळचा कार्यक्रम, पुन्हा.

"बंद कर रे बाबा ते."

रोवेनाच्या फाटकाशी उतरून तिनं हाक मारली. पडदा हलला. दार उघडलं नाही. प्रिमिटिवा सहीचं पान उघडून, खिडकीसमोर उंच धरून उभी राहिली.