पेटीत हरकती निरंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कचेरीच्या व्हरांड्यात, साहेबांच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेली. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, 'हरकती व सूचना'. ते वाचून जाणारे पुष्कळ. उघडून पाहणारे मात्र बोटांवर मोजावेत इतकेच.

पडेगावच्या कमरोद्दीनभाईंनी मला घडवलं. तोंडाची फट त्यांनी मुद्दाम रुंद कापली, कारण गावाकडची माणसं अर्जाच्या चार-चार घड्या घालतात, हे त्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला आप्पासाहेब नावाचे कारकून दर शनिवारी मला उघडत, चष्मा पुसून एकेक कागद वाचत. मोठे साहेबसुद्धा माझं कौतुक करत आणि मी फुगून जात असे. मग आप्पासाहेब निवृत्त झाले. किल्ली त्यांच्या जागी आलेल्या काकासाहेबांकडे आली. त्यांनी ती कपाटात ठेवली आणि ते कपाट दुसऱ्या मजल्यावर गेलं. झालं! तेव्हापासून माझ्या पोटात लग्नपत्रिका पडल्या, एसटीची तिकिटं पडली, एकदा तर अर्धा खाल्लेला पेरू पडला. त्याचा वास मी दोन महिने सोसला.

अशातच एक दिवस माझ्या डोक्यावर भला मोठा नकाशा लागला. जिल्ह्याचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा. शेती कुठे, कारखाने कुठे, पोरांना काम कुठे मिळणार, सगळं रंगांत. हिरवं म्हणजे शेती, जांभळं म्हणजे कारखाने. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. हरकत असल्यास तीस दिवसांत पेटीत टाकावी, असंही खाली लिहिलं होतं.

चौथ्याच दिवशी कन्नडकडच्या एका खेड्यातून द्वारकाबाई आली. कडेवर तान्ही लेक. तिनं नकाशात आपलं गाव शोधलं, आपलं रान शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. रान जांभळं होतं आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पडीक'. त्या चार एकरांवरच तर तिचं घर चालत होतं. काकासाहेबांनी मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवलं. तिनं अर्ज आत सोडला. तो नीट पडला का, हे फटीला डोळा लावून पाहिलं.

मग दर आठवड्याला ती लेकीला घेऊन एसटीनं यायची. उत्तर ठरलेलं, वर कळवतो. अहो, काय कळवणार? वाचलं कुणी होतं?

तिसाव्या दिवशी ती आली, तेव्हा काकासाहेब साहेबांपुढे सहीला कागद धरून उभे होते. ते मोठ्यानं वाचत होते, हरकती निरंक. म्हणजे एकही नाही. मी तिथेच भिंतीला, पोट तटतटून भरलेलं, आणि म्हणे निरंक!

"माझी हाय की, साहेब," द्वारकाबाई दारातूनच म्हणाली. "त्या पेटीत हाय. ह्या भाऊंनीच टाकायला लावली."

काकासाहेब खाकरले. "बाई, किल्ली सापडत नाही. आणि तुमचं रान पडीकच आहे. पाहणीला माणूस आला तेव्हा त्यात काडी नव्हती."

"अद्रक काढली व्हती, भाऊ. अद्रकीमागं रान इसाव्याला ठेवावं लागतं, नाय तर पुढचा कंद सडतो." तिनं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बाळंतीण पडून असती, म्हणून तिला पडीक म्हणता व्हय?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग शिपाई बन्सीला हातोडी आणायला सांगितलं.

माझी कडी तुटली, झाकण वाकलं. दुखलं फार, पण इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एकशे बारा हरकती निघाल्या. साहेबांनी निरंक हा शब्द खोडला आणि पुन्हा पाहणीचा हुकूम लिहिला. पुढे द्वारकाबाईचं रान नकाशात हिरवं झालं. बाकीच्यांची पाहणी अजून चालू आहे, असं ऐकते.

आता माझ्या जागी नवी पेटी येणार म्हणे, चकचकीत, मोठ्या कुलपाची. येऊ दे. मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी मोठं होऊन वीस वर्षांचा विचार करायला खुर्चीत बसेल. जरूर बसा. पण सही करण्याआधी एकदा उठा, व्हरांड्यात या आणि पेटी उघडा. खुर्चीपासून इथवर अवघी अकरा पावलं आहेत हो.