बावड्याचा बेडूक

खिजर शिकलगारचा फोटो आयुष्यात पहिल्यांदा चौकात लागला, तो बेडकाच्या शेजारी. फलकावर बेडूक मोठा होता, खिजर लहान. खाली लिहिलं होतं, ‘कसबा बावड्याची शान, सोनपाठ्या बेडूक! संशोधक खिजरभाईंचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : बाळासो व मित्रमंडळ.’ फोटोतला बेडूक आफ्रिकेतला होता. ही गोष्ट बावड्यात एकट्या खिजरला कळत होती, पण त्याच्यापुढं तेव्हा त्याहून मोठी चूक उभी होती. आणि ती त्याची स्वतःची होती.

खिजर पीएच.डी. करत होता, आणि ती इतकी वर्षं करत होता की गल्लीतले लोक तिला नोकरीच समजत. काम असं, की दुर्मिळ प्राणी कुठं राहत असेल हे संगणकाकडून ओळखून घ्यायचं. प्राणी पूर्वी जिथं सापडला त्या जागा संगणकाला सांगायच्या. तो तिथला पाऊस, ऊन, उंची, झाडोरा बघतो आणि तशाच इतर जागा नकाशावर लाल रंगवून देतो. मुलीला स्थळ बघतात तसंच. आधीच्या जावयाकडं बघून पुढचा ठरवायचा.

सोनपाठ्या दुर्मिळ, म्हणून त्याच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक निवृत्त प्राध्यापक धैर्यशील सरांनी फोनवर सांगितलेली. “बावड्याला मी स्वतः पाह्यलाय, ओढ्याच्या कडेला.” खिजरचा जन्म कसबा बावड्यातला. कुठला बावडा, हे त्यानं विचारलंच नाही. जगात दुसरा बावडा असू शकतो हे बावड्याच्या माणसाला सुचतच नाही. नकाशात साखर कारखान्यापलीकडच्या पाणथळावर त्यानं टिंब ठेवून दिलं.

धैर्यशील सर निघाले गगनबावड्याचे. घाटमाथ्यावरचं, धुक्यापावसातलं गाव. आणि तिकडची माणसंही आपल्या गावाला नुसतं बावडाच म्हणतात.

नोंदी थोड्या असल्या की एका चुकीच्या टिंबाचं वजन फार. संगणकानं निष्ठेनं शिकून घेतलं की या बेडकाला ऊस मानवतो आणि मळीचा वासही चालतो. नकाशा मुरगूडपर्यंत लाल झाला. शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री तर लालभडक. ती फौंड्री बघून खिजरनं धैर्यशील सरांना फोन लावला.

“सर, बावडा म्हणजे...”

“आपला गगनबावडा रे. दुसरा कुठला?”

तोवर उशीर झाला होता. त्याचे गाईड विजयसिंह सर यांनी नकाशा पेपरला दिला होता, आणि ‘असू शकेल’ हे दोन शब्द पेपरवाल्यांनी जागेअभावी गाळले होते. दुसऱ्या दिवसापासून लोक बादल्या घेऊन खिजरच्या दारात. गल्लीतल्या झुंबरबाई तर मोरीतला बेडूक परातीखाली झाकून घेऊन आल्या. “बघ की रं, ह्योच न्हवं त्यो? पाठ पिवळी दिसाय लागलीया.” पाठीला हळद लागली होती.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच पाणथळाला लागून एक इमारत होणार होती, आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावरचं घर खिजरच्या आईनं, जुलेखाबीनं, बुक केलं होतं. आयुष्यभर तिनं भाड्याच्या खोल्या बदलल्या. खोली बघायला गेलं की मालक आधी नळाला पाणी कधी येतं ते सांगायचे, मग नाव विचारायचे. नाव ऐकलं की त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरायचं आणि खोली पुतण्याला लागायची. जुलेखाबीच्या मते बावड्यात पुतण्यांची पैदास फार होती. आताच्या मालकालाही दिवाळीपर्यंत खोली हवी होती, पुतण्यासाठीच.

बाळासोंना बेडकाचं प्रेम का, तेही साधं होतं. इमारतीच्या जागेवर त्यांच्या मंगल कार्यालयातल्या वऱ्हाडाच्या गाड्या लागायच्या. बांधकाम थांबवा म्हणून त्यांनी बेडकाच्या वतीनं अर्ज केला. पुण्याहून समिती येणार असं ठरलं.

खिजर विजयसिंह सरांकडं गेला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“माघार घेतलीस तर पहिल्यापासून सुरुवात. आणि मी यंदा निवृत्त होतोय. बघ बाबा.”

म्हणजे बेडूक या बावड्यात असला तर पदवी मिळते आणि घर जातं. नसला तर घर मिळतं आणि पदवी जाते. पिंजऱ्याला दोन दारं होती आणि दोन्ही आतच उघडत होती. सकाळी दार उघडावं तर पायरीवर बादली, तिच्यात बेडूक, आणि तोही वर येण्याची वाट बघत बसलेला. शेवटी खिजरनं ठरवलं, घर. पदवीत राहता येत नाही.

समितीच्या दिवशी बाळासोंनी पाणथळाशेजारी मांडव घातला. समितीच्या प्रमुख डॉ. स्नेहल मॅडम यांना फेटा बांधला, खिजरलाही बांधला. फेटा इतका आवळून बांधला होता की मान वळवता येईना. तशाच ताठ मानेनं खिजर माईकपुढं उभा राहिला.

“माझी चूक झाली. सोनपाठ्या या बावड्यातला नाही. तो गगनबावड्याचा आहे.”

मागून झुंबरबाईंचा आवाज आला, “आरं, मग माझ्या मोरीतला कोण म्हणायचा?”

बाळासोंनी माईक घेतला. “खिजरभाई, तुमचा मान हाय. पण मी इचारतो, गगनबावड्याला काय कमी हाय? धबधबं त्येंच्याकडं, धुकं त्येंच्याकडं, पावणंरावळं त्येंच्याकडं. आमच्याकडं एक बेडूक आला, तर त्योबी त्येंचाच?”

“न्हाय द्यायचा!” मांडव ओरडला. खिजर पुढं बरंच बोलला, पण हलगी सुरू झाली होती.

मग समिती चिखलात उतरली, मागोमाग गाव उतरलं. बेडूक पुष्कळ निघाले, सोनपाठ्या निघाला नाही. खिजरच्या जिवात जीव येतो न येतो तोच विजयसिंह सरांनी घसा खाकरला.

“मॅडम, न सापडणं हेच तर दुर्मिळपणाचं लक्षण. लगेच सापडला असता तर मला शंका आली असती.”

“आणि हे स्वतःच नाही म्हणतायत ते?” मॅडमनी विचारलं.

“विनय आहे त्याचा. लहानपणापासून तसाच.” सरांची आणि खिजरची ओळख एम.एस्सी.नंतरची होती.

मॅडमनी मान डोलावली. खबरदारी म्हणून पुढच्या अभ्यासापर्यंत बांधकाम थांबवायचं ठरलं. तो अभ्यास खिजरनंच करावा, असंही ठरलं.

खिजर डॉक्टर झाला. चौकात नवा फलक लागला, बेडूक तोच. दिवाळी तोंडावर आली, आणि मालकाचा पुतण्या टेप घेऊन खिडक्यांची मापं घ्यायला आला. लग्न अजून ठरलं नव्हतं, पण पडदे ठरले होते. जुलेखाबी भांडी पोत्यात भरत होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “तुझ्या त्या मशीनला इचार की, आपल्याला खोली कुठं गावंल?”

खिजरनं खरंच संगणक उघडला. भाडं, पाणी, बसथांबा, सगळं घालता येत होतं.

“अम्मा, नाव न इचारता खोली देणारे मालक तुला किती म्हाईत हाईत?”

जुलेखाबीनं एक बोट वर केलं. “एक. मुरगुडातली तानाबाई. चा दिला, किल्ली दिली, नाव मागनं इचारलं.”

“आता कुठं असती?”

“वारली की.”

“मग एकच टिंब झालं, अम्मा. एका टिंबावर न्हाय चालत मशीन.”

जुलेखाबीनं पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली.

“बेडकाला चाललं की,” ती म्हणाली.