बाबांच्या फाइलीवर निरोप

आमच्या रेडिओवर रोज दुपारी बेटांचे निरोप वाचतात. मेचुकेच्या अमक्याला, लाँच उद्या भरतीला सुटेल. ताक बेटावरच्या तमकीला, तुझी बहीण बाळंत झाली, मुलगी आहे. इथे चिलीच्या दक्षिणेला, चिलोएच्या बेटांवर फोन लागला तर लागला, रेडिओ मात्र प्रत्येक चुलीपाशी चालू असतो. हे निरोप पूर्वी बेलार्मिनो वाचायचे. खोकत वाचायचे, पण त्यांच्या तोंडून निरोप गेला की माणसाला वाटायचं, झालं काम. ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग मागे राहिलं. आता त्यांची मुलगी एर्सिलिया वाचते आणि मी, आर्सेनिओ, टेकडीवरचा प्रक्षेपक सांभाळतो. म्हातारा झालोय, पण कान शाबूत आहेत.

त्या रेकॉर्डिंगचं काय झालं ते गावाला ठाऊक आहे. बेलार्मिनोंना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी एर्सिलियाने ती फाइल थेट प्रक्षेपणात लावली. सगळी बेटं कान लावून बसलेली. आणि ऐकू काय आलं, तर एर्सिलियाचाच आवाज: "गॅसच्या टाक्या आल्यात, रिकाम्या घेऊन या." धक्क्यावर कुणी कुणी हसलंसुद्धा म्हणे.

संशय गेला निबाल्दोवर. हा तिचा धाकटा भाऊ. स्टेशनचा कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिलेला, आणि बापाशी त्याचं पटत नव्हतं हे जगजाहीर. तो कॉम्प्युटरपाशी बसून काय झालं ते शोधत होता, तेवढ्यात ती आली आणि माझ्यादेखत त्याच्यावर बरसली. "जिवंत होते तेव्हा तोंड बघवत नव्हतं. आता आवाजही सहन होईना का रे तुला?"

त्याने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. म्हणाला, "तायडे, तुला तसं वाटत असेल तर तसं." आणि सॅमन मासे वाहणाऱ्या 'ला पेर्ला' बोटीवर कामाला निघून गेला. दोन वर्षं झाली त्याला. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. मलाही तो चोरच वाटला होता, खोटं कशाला सांगू.

गेल्या आठवड्यात पाद्रींनी रविवारचं प्रवचन आगाऊ रेकॉर्ड करून दिलं. एर्सिलियाने सहज तपासायला लावलं, तर आतून तिचाच आवाज: बटाट्याचं बियाणं धक्क्यावर पडलंय, घेऊन जा.

ती पांढरीफटक पडली. "काका, आता तर निबाल्दो इथे नाही."

"मग भूत असेल," मी म्हटलं.

"भुताला बटाट्यांशी काय करायचंय? गंमत नका करू."

"बरं बाई. सकाळपासून काय काय केलंस ते सांग."

रोजचंच केलं होतं. सगळ्या फाइली एका आज्ञेने पेनड्राइव्हवर उतरवायच्या, म्हणजे मी तो टेकडीवर नेतो. फाइलींची नावं कोण लिहीत बसणार, म्हणून नावांच्या जागी चांदणीची खूण टाकायची. पेनड्राइव्हचंही नाव दर खेपेला बदलतं, म्हणून तिथेही चांदणी.

"आणि पेनड्राइव्ह लावला होतास?"

तिने कोटाचा खिसा चाचपला. होता तिथेच.

मग तिने तीच आज्ञा पुन्हा लिहिली, फक्त आधी 'एको' लावून. तसं केलं की मशीन काम करत नाही, काय करणार होतं तेवढं वाचून दाखवतं. ही युक्ती तिला निबाल्दोनेच शिकवलेली. पडद्यावर आलं: कॉपी, निरोप, पाद्री. बस. पुढे काही नाही.

मला समजायला वेळ लागला. चांदणी म्हणजे पत्त्यांच्या डावातला जोकर. काम सुरू होण्याआधीच मशीन तिच्या जागी जुळतील ती नावं भरतं. पहिल्या चांदणीला दोन फाइली जुळल्या: तिने रेकॉर्ड करून ठेवलेले निरोप आणि पाद्रींचं प्रवचन. दुसरीला जुळायला पेनड्राइव्हच नव्हता, म्हणून तो शब्दच गळून पडला. उरली दोन नावं, तेव्हा मशीनने पहिली फाइल दुसरीवर उतरवून टाकली. तीन-चार फाइली असत्या तर ते अडून बसलं असतं. दोनच असल्या की मुकाट्याने सत्यानाश.

"अरे, पण काही जुळलं नाही तर बोंबलायला नको का मेल्याने?" मी चिडलो.

"बोंबलायचं," ती म्हणाली. "फोल्डर रिकामा दिसला की कुरकुर करायचं. मीच निबाल्दोला म्हटलं, याची कुरकुर बंद कर, डोकं उठतं माझं. त्याने केली."

तिने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशीही दोनच फाइली होत्या, काका. निरोप आणि बाबा. माझ्याच हाताने गेले ते."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही. दोघांनी मिळून.

बोटीवर फोन लागत नाही. त्याच दुपारी निरोप संपता संपता तिने तशाच सुरात पुढचा वाचला: "'ला पेर्ला'वरच्या निबाल्दोला. बहीण एर्सिलियाकडून. बाबांचा आवाज मी पुसला, तू नाही. घरी ये."

काल बोटीवरचा स्वयंपाकी, सेगुंदो, पीठ न्यायला धक्क्यावर आला. एर्सिलियाने त्याला तिथेच गाठलं. "ऐकला का त्याने?"

"सगळ्यांनीच ऐकला. तो मला बटाटे सोलू लागत होता. सुरी खाली ठेवली."

"काय म्हणाला?"

सेगुंदोने टोपी काढून हातात घेतली. "म्हणाला, तिला कुणी सांगितलं? मला त्याच दिवशी पडद्यावर दिसलं होतं. म्हटलं, माझ्यावर चिडेल, दोन शिव्या घालेल, पण निरोप वाचत राहील. स्वतःचा राग आला तर ती परत माइकपुढे बसायची नाही."

"येतो म्हणाला?"

"ते काही बोलला नाही, बाई."

आज दुपारी एर्सिलिया माइकपुढे बसली. लाल दिवा लागला. तिने तोंड उघडलं, आणि आवाज काही फुटेना. मी कागद तिच्या हातून घेतले आणि अडखळत, चष्मा सावरत सगळे निरोप वाचले. वाचून झाल्यावर माझा एक घातला: निबाल्दो, तू म्हणालास तसंच झालं बघ. आता तरी ये.