एकोणिसांपैकी एक

नासारेनोने यादी टेबलावर पसरली, ‘माते’ या कडू चहाचा पेला बाजूला सरकवला आणि एका नावावर बोट ठेवलं.

"वाच."

इल्दाने चष्मा न लावताच पाहिलं. तिचंच नाव होतं.

"एकशे बारा भागधारक. त्र्याण्णवांनी शेअर विकले," तो म्हणाला. "उरले एकोणीस. त्यात तू."

इल्दाने किटली उचलली, त्यात पाणी आहे हे पाहिलं आणि पुन्हा शेगडीवर ठेवली.

चोवीस वर्षांपूर्वी सान एलोयमधल्या घराघरांनी शेअर घेऊन गावाची केबल कंपनी काढली होती. तिचा अँटेनाचा मनोरा उभारला तो नासारेनोने आणि इल्दाच्या नवऱ्याने, रेमोने. तेव्हापासून गावची वाहिनी नासारेनोच चालवत आला होता. क्लबाच्या मॅच, शाळेतली नाटकं, कोण वारलं, कुणाची गाय हरवली, सगळं तिच्यावर. या मार्चमध्ये ब्युनोस आयरेसच्या एका बड्या कंपनीचा देकार आला. निम्म्याहून जास्त शेअर आम्हाला विका, विश्वचषकाच्या आत गावभर नव्या तारा टाकतो, एचडी चित्र देतो. गावची वाहिनी मात्र बंद होणार होती.

सभेत नासारेनो बोलायला उठला आणि देकाराच्या विरोधात सगळ्या सभागृहाने हात वर केले. इल्दाचा हात सर्वांत आधी वर गेला होता. पण विक्रीचा कागद टपालाने घरी येणार होता, आणि सही ज्याने त्याने आपल्या घरात बसून करायची होती.

इल्दाने सही केली होती. गेल्या आठवड्यात तो कागद परत आला. शेअर रेमोच्याही नावावर होते, आणि तो वारल्यानंतरचे वारसाचे दाखले तिने जोडले नव्हते. तोवर मुदतही संपली होती.

"रविवारी शेवटचा कार्यक्रम," नासारेनो यादीची घडी घालत म्हणाला. "त्यात तुझी मुलाखत. उद्या दुपारी ये. आणि तो निळा स्वेटर घाल, कॅमेऱ्यात बरा दिसतो."

"मला नाही बाई बोलता यायचं."

"तुला? भर सभेत त्या पाववाल्या प्रोस्पेरोला गप्प बसवलंस, ती कोण होती मग?"

तो हसला. दोन महिन्यांत ती त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होती. त्याच्या पेल्यात गरम पाणी ओतता ओतता तिने थोडं टेबलावर सांडलं आणि बराच वेळ ती फडक्याने तीच जागा पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावाच्या दुकानात गेली. यादीची बातमी तिच्या आधीच तिथे पोहोचली होती. एरवी तिची थट्टा केल्याशिवाय पाव न देणारा प्रोस्पेरो आज खाली मान घालून पिशवी भरत होता. वर त्याने न मागता सहा गोड बन टाकले.

"हे कशाला?"

"राहू द्या, इल्दाबाई," तो म्हणाला. "तुम्हाला तोंड तरी दाखवता येतंय गावात."

रांगेतल्या दोघी बायका काचेतल्या केककडे पाहत राहिल्या. बन परत करायला तिचा हात पुढे झाला, आणि तसाच मागे आला.

स्टुडिओ म्हणजे क्लबाच्या मागची एक खोली. नासारेनोने स्वतःच दिवे लावले, कॅमेरा तिवईवर बसवला, चालू केला आणि येऊन तिच्या समोर बसला. त्याने कोट घातला होता.

"इल्दा बेर्तोने," तो कार्यक्रमातल्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांनी विकलं. तू का नाही विकलंस?"

तिने स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढली.

"मी विकलं, नासारेनो. सही केली होती. कागद चुकला म्हणून परत आला." तिला वाटलं होतं, एवढं बोलून थांबता येईल. "पैशाची नड नव्हती. क्लबात कंपनीने दाखवायला तो मोठा टीव्ही लावला होता ना, तो पाहायला गेले होते. घरी आल्यावर सही केली. एवढंच."

नासारेनो उठला. त्याने कॅमेरा बंद केला आणि तिवईला धरून, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"एकोणिसांतले अकरा मेलेत," तो म्हणाला. "त्यांच्या पोरांनी कागदपत्रं केलेली नाहीत. सहा जण इटलीला, स्पेनला गेले, त्यांची पत्रं परत आली. उरलो आपण दोघं. यादी आली त्याच रात्री मी हिशेब केला होता."

"मला कालच सांगायचं होतं."

"हो."

"तू हसलास. मग नाही सांगता आलं."

त्याने नाक शिंकरलं, रुमाल खिशात ठेवला आणि कॅमेरा पुन्हा चालू केला. येऊन खुर्चीत बसला. कोटाची बटणं नीट केली.

"इल्दा बेर्तोने," तो म्हणाला, "सगळ्यांनी विकलं. तू का नाही विकलंस?"

इल्दाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे तिच्यावर नव्हते, तिच्या कपाळाच्या थोडे वर, भिंतीवर होते.

"मनोरा उभा केला त्या दिवशी रेमो आणि तू जेवायलासुद्धा खाली उतरला नाहीत," ती सावकाश म्हणाली. "मी डबा दोरीला बांधून वर पाठवला होता. तो मनोरा कसा विकायचा?"

"धन्यवाद," नासारेनो म्हणाला आणि त्याने कॅमेरा बंद केला.

ती उठली. तो जमिनीवरची वायर कोपर आणि अंगठ्यात गुंडाळू लागला. ती दारापर्यंत गेली, तिथे थांबली.

"मी गेलोच नाही तिकडे," मागून नासारेनो म्हणाला. "तो टीव्ही बघायला. हट्टाने नाही गेलो." वायर त्याच्या हातात तशीच राहिली. "खरंच तेवढं छान होतं का गं?"

इल्दा दारातून वळली.

"हो," ती म्हणाली.

त्याने मुलाखतीची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.

"मग सांग की," तो म्हणाला. "काय काय दिसत होतं?"